‘झालं’ म्हटल्यानंतरचा फोटो

फट्ट!

दिवेवाला बोलता बोलता थांबला. त्याच्या छोट्या स्टेजवरचे दोन्ही मोठे दिवे आपणहून चमकले होते. समोर खुर्च्यांवर बसलेल्या फोटोग्राफर मंडळींनी एकदमच डोळे मिटून उघडले.

"दिव्यांनाही आज बोलायची हौस आलेली दिसते," तो हसून म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला. "तर मंडळी, आमच्या कंपनीच्या ह्या दिव्याची खासियत अशी, की तुम्ही सांगितल्याशिवाय तो—"

फट्ट!

मंडळी हसली. तोही हसला, पण या वेळी जरा कमी.

"—तो सांगितल्याशिवाय कधीही—"

फट्ट!

आता मात्र दिवेवाल्यानं माइक खाली घेतला, कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या प्रदर्शनाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "एक नंबरवर कोण आहे?"

समोरच्या अल्बमवाल्याच्या स्टॉलपाशी एक मुलगी उभी होती. टेबलावरच्या कागदी कपातल्या चहाचे ती अगदी मन लावून फोटो काढत होती. कॅमेऱ्याच्या डोक्यावर तिनं नुकतीच विकत घेतलेली काळी डबी बसवली होती. डबीवरचा हिरवा ठिपका लुकलुकला की तिला भारी मजा वाटत होती. ही डबी लांबचे दिवे वायरीशिवाय पेटवते, हे तिला ठाऊक होतं. पण दोघांच्या डब्या एकाच नंबरावर असल्या तर एकाच्या बटणाला दुसऱ्याचे दिवे पेटतात, हे तिला कोण सांगणार? घरच्या स्टुडिओत बाबांचे दिवे अजून वायरीनंच पेटत होते.

पन्नास माणसं आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर तिनं कॅमेरा हळूच खाली नेला.

"आता लपवून काय उपयोग, मॅडम?" दिवेवाला म्हणाला. "स्टेजवर या. माझी तीन वाक्यं खाल्लीत तुम्ही. भरपाई करा."

"अहो, पण मी..."

"या, या. इथे कोणी खात नाही."

ती गेली. त्यानं तिला स्टुलावर बसवलं, एक दिवा जवळ ओढला, मान किंचित तिरकी करून तिच्याकडे पाहिलं... आणि क्षणभर थांबून माइकवर म्हणाला, "अशा डोळ्यांसाठीच हा दिवा बनवलाय."

कुठे बघायचं तेच ती विसरली. पण मुलगी अगदीच गरीब गाय नव्हती. पुटपुटल्यासारखी म्हणाली, "पण तुम्ही एक नंबरवर काय करत होतात? मघाशी तर सगळ्यांना सांगत होतात, गर्दीत आल्यावर आधी डबीचा नंबर बदला म्हणून."

माइक चालूच होता. पहिल्या रांगेतले एक टक्कलवाले काका खो-खो हसत म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

दिवेवाल्यानं आपल्या डबीकडे पाहिलं. एक नंबर. कंपनीतून निघालेली प्रत्येक डबी एक नंबरवरच असते, आणि तो आपली बदलायला साफ विसरला होता. त्यानं तिला कोपरापासून हात जोडले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, आणि तो दिवस दोघांच्याही लक्षात राहील एवढी सोय झाली.

ह्या मुलीला घरी, गल्लीत आणि गिऱ्हाइकांतही चिमणी म्हणत. लहानपणी बाबा तिला कॅमेऱ्यामागच्या उंच स्टुलावर उभं करायचे आणि रडक्या पोरांना सांगायचे, "ती बघ चिमणी!" पोरं वर बघायची, बाबा बटण दाबायचे. पुढे ती मोठी झाली, स्टुलावरून उतरून कॅमेऱ्यामागे आली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या दिवशी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर मात्र मोठ्या अक्षरांत ‘वक्ता’ असं छापलं होतं, आणि तेच तिच्या जिवाला लागलेलं दुखणं होतं. आमंत्रण खरं तर बाबांना होतं. जन्मभर एका खोलीच्या स्टुडिओत लोकांचे चेहरे सरळ करणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी ह्या प्रदर्शनातल्या एवढ्या मोठ्या संमेलनात बोलावलं होतं. विषय होता, कॅमेऱ्यापुढे अवघडणाऱ्या माणसाचा फोटो कसा काढावा. बाबांनी गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं, कोटाला इस्त्री करून ठेवली आणि निघायच्या आदल्या दिवशी पडद्याचा लोखंडी पाइप उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली.

"चिमणे, तू जा," पालथं पडल्या पडल्या ते म्हणाले. "युक्ती तुला ठाऊकच आहे."

"बाबा, मला चार माणसांत बोलता येत नाही."

"चार कुठली? तीनशे आहेत."

शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत ‘अध्यक्ष महाशय’ एवढं बोलून खाली बसलेली मुलगी ती. भाषण शेवटच्या दिवशी दुपारी होतं. बाबा ते घरून फोनवर बघणार होते, आणि तेही एकटे नाही, शेजारच्या शिंपीकाकांना आणि औषधवाल्याला बोलावून. आपण तिथेही ‘अध्यक्ष महाशय’ करून बसलो तर बाबा काही बोलणार नाहीत, उलट हसतील, हे तिला माहीत होतं. ते समजूतदार हसूच तिला नको होतं.

आता बाबांची युक्ती. ती तुम्हाला सांगायला हरकत नाही, दिवेवाल्याला तेवढी कळू देऊ नका. बाबा गिऱ्हाइकाचे एक-दोन फोटो काढत, मग "झालं!" म्हणून कॅमेऱ्यापासून बाजूला होत. गिऱ्हाईक हुश्श करायचं, खांदे सैल सोडायचं. फोटोसाठी आवळून धरलेला चेहरा गळून पडायचा आणि खाली माणसाचा स्वतःचा चेहरा यायचा. त्याच क्षणी बाबा पाठीमागे धरलेलं, वायरीनं कॅमेऱ्याला जोडलेलं लांबचं बटण दाबत. गल्लीतल्या घराघरांत टांगलेले चांगले फोटो सगळे ‘झालं’ म्हटल्यानंतरचेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवेवाला तिला शोधत अल्बमवाल्याच्या स्टॉलपाशी आला.

"पाऊस बघितलात का?"

"बाहेर तर रणरणतं ऊन आहे."

"बाहेरचा नाही हो. पलीकडच्या दालनातला."

आणि खरंच होता. आपला कॅमेरा पाण्यात भिजला तरी बिघडत नाही हे दाखवायला एका कंपनीनं दालनाच्या मधोमध पाऊसच पाडला होता. वर नळ्या, खाली ताडपत्रीचं तळं. लाल छत्री घेतलेली एक मॉडेल ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती आणि रेनकोट घातलेले फोटोग्राफर तिच्याभोवती गुडघ्यांवर बसले होते. पावसाची चावी एका कंटाळलेल्या माणसाच्या हातात होती.

"वास नाही ह्याला," चिमणी म्हणाली.

"आहे की. नळाचा आहे." मग तो चावीवाल्याकडे वळला. "काका, थोडा वाढवा ना. पाहुण्यांना पाऊस कमी पडतोय."

चावीवाल्यानं खांदे उडवले आणि चावी फिरवली. पाणी ताडपत्रीवर ताडताड वाजायला लागलं. एक झोत कडेला उभ्या असलेल्या चिमणीच्या अंगावर आला. ती हसत मागे सरली... आणि तिच्या पापणीवर एक थेंब तसाच लटकून राहिला.

"हलू नकोस," दिवेवाला म्हणाला.

"काय म्हणालात?"

"...हलू नका म्हणालो."

"नाही. ‘नकोस’ म्हणालात."

"एवढ्या पाण्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नसेल."

"अगदी नीट आलं."

थेंब पडला. दोघं उगाचच लाल छत्रीकडे बघत उभे राहिले. छत्रीवाली दोनदा गेली आणि दोनदा आली, पण ती छत्री कुठल्या रंगाची होती हे नंतर विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

चहा घेताना तिनं त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचा फोटो पाहिला आणि तिला हसू आवरेना. "हे कोण? पोलीस शोधताहेत का ह्यांना?"

"हसा. माझा आजवर एक फोटो धड आलेला नाही. कॅमेरा समोर आला की माझ्या चेहऱ्याला कडक इस्त्री होते. नाहीतर मग दिवे विकतानाचं हसू येतं. तिसरा चेहराच नाही मला."

"असतो. सगळ्यांना असतो. मी काढून दाखवीन."

"पैज?"

"पैज. हरलात तर माझ्या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. विक्रीचं नाही, खरं."

"आणि तुम्ही हरलात, तर मी तुमचा फोटो काढणार."

चिमणीनं चहाचा कप खाली ठेवला. तिचा फोटो? घरातल्या एकाही कार्यक्रमाच्या फोटोत ती नव्हती, कारण काढणारी तीच असायची. तिचा फोटो काढावा असं इतक्या वर्षांत कोणाला सुचलंही नव्हतं. हे ती त्याला बोलली नाही, पण त्या रात्री शहरातल्या मावशीकडे अंथरुणावर पडल्यावर भाषणाच्या भीतीत मध्ये मध्ये एक गोड वाक्य डोकावत राहिलं... अशा डोळ्यांसाठीच. ती त्याच्या प्रेमात पडत होती, आणि ते तिला आवडत होतं. उगाच आडवळणानं कशाला सांगा?

शेवटच्या दिवशी सकाळी ती चहाचे दोन कप घेऊन त्याच्या स्टेजकडे निघाली. तो बोलत होता. स्टुलावर ते टक्कलवाले काका बसले होते, मिशा झुपकेदार, पोट मांडीवर. दिवेवाल्यानं दिवा जवळ ओढला, मान किंचित तिरकी केली, क्षणभर थांबला...

"अशा डोळ्यांसाठीच हा दिवा बनवलाय."

काका चक्क लाजले.

चिमणी तिथूनच मागे फिरली. दोन्ही कप तिनंच प्यायले, एकामागून एक, आणि तिची जीभही भाजली. तर ते पाठ केलेलं वाक्य होतं. दिवसातून चार वेळा, मिशीवाल्यांना आणि बिनमिशीवाल्यांना. तिला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. दिवे विकणाऱ्याचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं एवढी अक्कल दुकानदाराच्या मुलीला नसावी?

दुपारी सभागृहाच्या दारात त्यानंच तिला गाठलं. "घाबरू नका. मस्त होईल. तुमच्यासारखं कोणी—"

"तुमचं पाठांतर चांगलं आहे हो," ती म्हणाली. "मला नाही तेवढं जमत."

तो गोंधळला. "काय झालं? बरं... निदान आज तरी डबीचा नंबर बदला."

तिनं मुद्दाम बदलला नाही.

स्टेजवर सगळी मांडामांड झाली होती. स्टूल, दोन दिवे, तिवईवर कॅमेरा, आणि काढलेला फोटो लगेच दिसावा म्हणून पाठीमागे भिंतीएवढा पडदा. तीनशे माणसं. पुढच्या रांगेत तेच काका, हाताची घडी घालून.

"नमस्कार," चिमणी म्हणाली.

आणि पुढे काहीच नाही.

कोणी खोकलं. कोणी खुर्ची सरकवली. माइकमधून तिचा श्वासच तेवढा सगळ्यांना ऐकू जात होता. घरी बाबा पोटावर पडून फोनकडे बघत असतील. शिंपीकाका म्हणत असतील, आवाज येत नाहीये का हो? आणि बाबा म्हणत असतील, येईल, येईल...

फट्ट!

तिच्या स्टेजवरचे दोन्ही दिवे चमकले. ती दचकली. बटणाला तर तिनं हातही लावला नव्हता.

फट्ट!

सभागृहात कुजबुज झाली. शेवटच्या रांगेमागे, दाराला टेकून, दिवेवाला उभा होता. हातात कॅमेरा, कॅमेऱ्यावर काळी डबी, आणि चेहरा असा की ह्याच्याइतका साधा माणूस जगात नाही.

फट्ट!

चिमणीच्या अंगात राग सरसरून चढला आणि रागाबरोबर आवाजही.

"एक नंबरवर कोण आहे?"

पहिल्या दिवशीचे जे कोणी होते ते हसत सुटले, काका सर्वांत मोठ्यानं. "आता लपवून काय उपयोग?" चिमणी कडाडली. "स्टेजवर या! माझी तीन वाक्यं खाल्लीत तुम्ही."

"तुम्ही एकच बोलला होतात," तो तिथूनच म्हणाला.

"या म्हटलं ना!"

तो आला, स्टुलावर बसला, आणि कॅमेऱ्याकडे तोंड करताच त्याच्या चेहऱ्याला खरोखर कडक इस्त्री झाली. ते पाहून चिमणीची भीती कुठल्या कुठे पळाली. समोरचे तीनशे लोक तिच्या लेखी उरलेच नाहीत. समोर एक अवघडलेलं गिऱ्हाईक होतं, आणि गिऱ्हाइकाशी बोलायला ती बोटभर असल्यापासून शिकली होती.

"हनुवटी खाली. इतकी नाही, काही हरवलं नाहीये तिथे. खांदे सोडा, पळून जात नाहीत ते." तिनं बटण दाबलं. पडद्यावर पोलीस शोधत असलेला माणूस आला. लोक हसले. "आता हसा." दुसरा फोटो आला. "हे बघा मंडळी, हे दुकानातलं हसू. ह्याच्यामागे किंमत चिकटवलेली असते." लोक आणखी हसले. दिवेवालाही हसला, पण त्याला कुठेतरी लागल्यासारखं झालं.

"जाऊ दे," चिमणी म्हणाली. "काही काही चेहरे नसतात फोटोचे. झालं. उतरा."

ती कॅमेऱ्यापासून बाजूला झाली आणि तिनं हात पाठीमागे घेतले.

दिवेवाल्यानं हुश्श केलं. खांदे खाली आले. त्यानं वर पाहिलं... ही मुलगी मघाशी गप्प उभी होती, आणि आता बोलत होती, आवाज नीट लागला होता, गाल लाल झाले होते. तो तिच्याकडे बघत राहिला.

चिमणीनं पाठीमागचं बटण दाबलं.

पडद्यावर फोटो आला. इस्त्री नव्हती, दुकान नव्हतं. एक माणूस कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत होता, ओठ किंचित उघडे. तो इतका खुशीत होता, आणि इतका घाबरलेला, की बघणाऱ्यालाच संकोच वाटावा. असं कोणी कोणाकडे कधी बघतं, हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

"अहो," काका न राहवून म्हणाले, "हा कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये!"

"कॅमेऱ्यात काय बघायचंय त्याला?" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सभागृहात एकच हशा पिकला.

दिवेवाल्यानं मान वळवली, भिंतीएवढा स्वतःला पाहिला आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत तांबडा झाला. चिमणी त्याच्याहून तांबडी. "तर... युक्ती अशी आहे..." ती माइकला दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "की माणूस खरा दिसतो तो... ‘झालं’ म्हटल्यावर. हे माझ्या बाबांनी शोधलं. ते आत्ता बघताहेत. बाबा, उठू नका, कंबर सांभाळा." टाळ्या थांबेनात.

ती खाली उतरते न उतरते तोच फोन वाजला.

"चिमणे," बाबांचा आवाज भरून आला होता, "मी बोललो असतो तर इतकं चांगलं झालं नसतं." मग घसा साफ करून, "मुलगा कोण?"

"कंपनीचा माणूस आहे, बाबा. दिवे विकतो."

"मी दिव्यांचं विचारलं का?"

संध्याकाळी प्रदर्शन मोडायला लागलं. कामगार गालिचे गुंडाळत होते, चिकटपट्ट्या टरटरा निघत होत्या, खोटा पाऊस बंद झाला होता आणि चावीवाला ताडपत्रीवर झाडू मारत होता. दिवेवाल्याच्या स्टेजवर एकच दिवा उरला होता. त्याच्यासमोर तिवईवर त्यानं आपला कॅमेरा लावून ठेवला होता, आणि हातात लांबचं बटण.

"पैज हरलो," तो म्हणाला. "तरी एक फोटो काढू दे. फक्त एक."

तो ‘दे’ म्हणाला होता. तिनं दुरुस्त केलं नाही. स्टुलावर बसली, पाठ ताठ.

"झालं," तो म्हणाला.

"मी नाही फसणार," ती जराही न हलता म्हणाली. "युक्ती आमच्या घरची आहे. आता माझा प्रश्न. त्या काकांचे डोळे इतके सुंदर आहेत?"

दिवेवाला कॅमेऱ्याच्या बाजूला आला.

"ते... वाक्य कंपनीचं आहे. पाठ करून घेतलंय आमच्याकडून. पहिल्या दिवशी तुलाही तेच म्हणालो, खोटं कशाला सांगू... पण नंतर ते म्हणताना दर वेळी... म्हणजे कालपासून... मिशीवाल्याला म्हटलं तरी तूच... मला नीट बोलता येत नाहीये."

"येतंय," ती हळूच म्हणाली.

"मला तू आवडतेस. एवढंच. हे कोणी पाठ करून दिलेलं नाही." आणि धीर धरण्यासाठी त्यानं मूठ घट्ट आवळली.

फट्ट!

दोघंही दचकले. बटण मुठीतच होतं.

"फसवलंस!" ती ओरडली.

"शपथ! चुकून... देवाशपथ चुकून दाबलं गेलं!"

चिमणी हसत हसत स्टुलावरून उठली आणि त्याची मूठ उघडून बटण काढून घेतलं. मूठ मात्र तिनं लगेच सोडली नाही. "मलाही," ती म्हणाली. "तू. आवडतोस." गालिचा गुंडाळणारा कामगार दोघांच्या पायांशी येऊन थांबला. त्यांना बाजूला व्हा म्हणावं की आधी पलीकडचा गालिचा गुंडाळावा, ह्याचा विचार करून तो पलीकडे गेला.

पुढच्या रविवारी दिवेवाला स्टुडिओत हजर झाला, दोन्ही फोटो मोठे छापून घेऊन. बाबा कमरेला पट्टा बांधून फिरत होते. त्यांनी फोटो उजेडात धरले, लांबून पाहिले, जवळून पाहिले, आणि रस्त्याकडेच्या काचेच्या शोकेसमधलं जुनं गुटगुटीत बाळ उतरवलं. तिथे त्यांनी डावीकडे दिवेवाला लावला, उजवीकडे चिमणी. मग रस्त्यावर जाऊन बघत उभे राहिले.

डावीकडचा डावीकडे बघत होता, उजवीकडची उजवीकडे. शिंपीकाका बाहेर आले. "भांडण झालंय का हो ह्यांचं?"

"थांबा," बाबा म्हणाले. ते कमरेवर हात ठेवून आत गेले, दोन्ही फोटो काढले आणि जागा बदलून पुन्हा लावले.

मग बाहेर येऊन त्यांनी पाहिलं. काचेत दोघं एकमेकांकडे बघत होते, आणि काचेबाहेर, पायरीवर उभे असलेलेही.

"आता बरोबर," बाबा म्हणाले. "चिमणे, चहा टाक. जावईबापूंना साखर किती, विचार."